मागचे टायर नुसते मागून येत नाहीत

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यापूर्वी मोटारीची काळजी कशी घ्यावी, या विषयावरचा लेख नुकताच वाचला. वायपर, ब्रेक, दिवे आणि बॅटरी यांविषयी त्यात जे सांगितले आहे ते योग्य आहे, आणि असे विषय सोप्या मराठीत कोणी लिहीत नसताना लेखकाने ते लिहिले याचा आनंदही आहे. मात्र टायरविषयीच्या परिच्छेदात असे म्हटले आहे, की चारऐवजी दोनच टायर बदलायचे असतील तर नवी जोडी पुढे लावावी आणि झिजलेली मागे न्यावी, कारण स्टिअरिंग आणि ब्रेक यांचा मुख्य भार पुढच्या चाकांवर असतो व मागची चाके नुसती मागून येतात. हे वाक्य वाचून मी चहाचा पेला खाली ठेवला. नेमक्या याच समजुतीपायी माझ्या भाच्याची गाडी गेल्या जून महिन्यात ओंकारेश्वरच्या रस्त्यावरच्या भेरूघाटात, ज्या दिशेने आली त्याच दिशेला तोंड करून उभी राहिली होती. सुदैवाने समोरून काही येत नव्हते.

आधी साध्या गाडीपुरते बोलतो. ओल्या वळणावर पुढच्या टायरांची पकड सुटली, तर गाडी हवी तितकी वळत नाही आणि सरळ जाऊ पाहते. चालकाच्या हाताला स्टिअरिंग एकाएकी हलके लागते, तो दचकून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो, त्यामुळे गाडीचे वजन पुढे झुकते आणि पुष्कळदा पुढच्या टायरांना पकड परत मिळते. घाबरलेल्या माणसाच्या हातून आपसूक जे घडते, तेच येथे त्याला वाचवते. मागच्या टायरांची पकड सुटली की सगळे उलटे होते. पाय उचलताच वजन मागून पुढे जाते, आधीच घसरणारे मागचे टायर आणखी हलके होतात, आणि गाडीचा मागचा भाग पुढच्या भागाला मागे टाकायला निघतो. ती सावरायची तर स्टिअरिंग योग्य क्षणी आणि योग्य तितकेच उलट फिरवावे लागते, व हे कसब आपल्यापैकी फार थोड्यांच्या हातात असते. म्हणूनच मिशेलिनसारखे टायर उत्पादक जास्त खोल खाचांची जोडी नेहमी मागे लावा असे सांगतात, मग इंजिनची शक्ती पुढच्या चाकांना मिळत असो वा मागच्या.

आता वेगवान गाडीकडे वळतो, कारण माझे मुख्य म्हणणे तिच्याविषयी आहे आणि आपल्या इंदुरात अशा गाड्या आता सुपर कॉरिडॉरवर रोज दिसतात. (या शहराला वेगवान गाड्यांचे वेड नवे नाही. दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी लंडनच्या गर्नी नटिंग या कंपनीकडून वरची बॉडी बांधवून घेतलेली ड्यूसेनबर्ग मोटार आजही जगभरच्या मोटारशौकिनांना ठाऊक आहे.) भाच्याची गाडी बीएमडब्ल्यू ३३०आय, दुसऱ्या हातची. इंजिन दोन लिटरचे, पण २५८ अश्वशक्तीचे आणि ४०० न्यूटन-मीटर टॉर्कचे, आणि ही सगळी शक्ती मागच्या दोन चाकांतून रस्त्यावर उतरते. पुढचे टायर २२५/४५ आर १८ आणि मागचे २५५/४० आर १८ (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, तिसरा रिमचा व्यास इंचांत), म्हणजे मागचे तीस मिलिमीटरने रुंद. अशा गाडीत पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करण्याची सोयच नसते, तेव्हा लेखातला सल्ला तिला लागू पडत नाही, असे कोणी म्हणेल. सल्ला लागू पडत नाही हे खरे. त्यामागची समजूत मात्र पुरेपूर लागू पडते. मागची चाके नुसती मागून येतात असे एकदा मनात बसले, की माणूस पुढच्या टायरांवर सढळ हाताने खर्च करतो आणि मागच्यांवर काटकसर करतो.

भाच्याने तेच केले होते. एका खड्ड्यात पुढच्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, फुगली, म्हणून त्याने पुढची जोडी नवी घेतली. मागच्या जोडीत अजून दम आहे असे ठरवून तिला आणखी एक पावसाळा द्यायचे ठरले. पहिला पाऊस पडून गेल्यावर ओंकारेश्वरहून परत येताना, घाटातल्या एका चढत्या वळणाच्या शेवटी त्याने ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरली. वेग साठच्या आसपास होता, असे तो सांगतो, आणि मी त्यावर विश्वास ठेवतो, कारण त्या वळणावर जास्त वेग घेताच येत नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल यांचा जो बुळबुळीत थर तयार होतो, त्यावर झिजलेल्या टायरला साठचा वेगही पुरतो. “मामा, पुढचे टायर तर कोरे करकरीत होते,” हे त्याचे पहिले वाक्य. त्यात अपघाताचे निम्मे कारण आले होते. पुढची चाके रस्ता घट्ट धरून होती, म्हणूनच तर सैल सुटलेला मागचा भाग त्यांच्याभोवती फिरला.

यामागचा हिशेब मी भाच्याला आण्यांत सांगितला, तो येथेही देतो. टायरजवळ पकडीचा जणू एकच रुपया असतो. त्यातूनच वेग वाढवायचा, ब्रेक लावायचा आणि वळायचेही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळणातून बाहेर पडताना पाय दाबला, की मागच्या टायरला वळणे आणि ढकलणे ही दोन्ही कामे एकाच वेळी पडतात. सोळा आण्यांपैकी बारा आणे ढकलण्यावर खर्च झाले तर वळणासाठी चार उरतील, असे वाटते. प्रत्यक्षात हा हिशेब वजाबाकीचा नसून वर्तुळाचा (दोन्ही खर्चांच्या वर्गांची बेरीज सोळाच्या वर्गाइतकी) असल्यामुळे साडेदहा आणे उरतात, आणि म्हणून गाडी बराच वेळ सगळे ठीक आहे असे भासवते. पंधरा आणे खर्च झाले की साडेपाचच उरतात, आणि सोळावा आणा गेला की काहीच नाही. शेवटच्या एका आण्यात साडेपाच आणे नाहीसे होतात. घसरण अचानक झाली असे चालकाला वाटते, ते यामुळेच. रस्ता ओला असेल किंवा टायर झिजलेला असेल, तर मुळातला रुपयाच दहा-अकरा आण्यांचा झालेला असतो. गाडीतली इलेक्ट्रॉनिक स्थैर्ययंत्रणा एखाददुसरे चाक आवरून मदत करते हे खरे, पण तिलाही खर्च करायला हाच रुपया असतो.

गाडी घरी आल्यावर मी टायर मोजले. बाहेरून उभे राहून पाहिले तर मागचे टायर वाईट दिसत नव्हते. मधल्या खाचा जवळजवळ तीन मिलिमीटर खोल होत्या. चाक काढून आतली कड पाहिली तेव्हा तेथे दोन मिलिमीटरही उरले नव्हते. अशा गाड्यांची मागची चाके वरच्या बाजूने किंचित आत कललेली बसवतात, म्हणजे वळणात बाहेरच्या टायरचा पूर्ण पट्टा रस्त्याला टेकतो. सरळ चालताना मात्र त्यामुळे आतली कड जास्त घासते, आणि ती कड गाडीखाली डोके घातल्याशिवाय दिसत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे, आणि खाचांत तेवढ्याच उंचीच्या आडव्या पट्ट्या साच्यातच घातलेल्या असतात. त्या पट्ट्या अजून वर आल्या नव्हत्या. म्हणजे भाच्याचे टायर कायद्याने निर्दोष होते. नव्या टायरची खोली आठ मिलिमीटरच्या जवळपास असते, आणि पाणी बाहेर काढण्याची क्षमता शेवटच्या दीड मिलिमीटरपर्यंत तशीच टिकून राहत नाही. खोली मोजण्याचे साधन शे-दोनशे रुपयांत मिळते. लाखांच्या गाडीबरोबर ते कोणीही घेत नाही.

पाण्याचे गणितही पाहू. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचले आहे आणि गाडी ताशी शंभर किलोमीटरने जात आहे, असे धरले तर २५५ मिलिमीटर रुंदीच्या टायरपुढे दर सेकंदाला सुमारे एकवीस लिटर पाणी येते. न्हाणीघरातल्या बादलीहून अधिक पाणी एका सेकंदात खाचांतून आणि कडांवरून बाजूला जायला हवे. ते गेले नाही, तर टायरखाली पाण्याचा थर शिरतो आणि गाडी त्यावर तरंगते. २२५ मिलिमीटरच्या टायरसाठी हाच आकडा एकोणीस लिटरांच्या आत येतो. यावरून रुंद टायरची दुसरी बाजू लक्षात येईल.

ती दुसरी बाजू सांगण्याचे कारण असे, की आम्ही टायर शोधायला निघालो तेव्हा पहिल्याच दुकानात आम्हाला २७५/३५ आर १८ घ्या, मागून गाडी भारी दिसते, असा सल्ला मिळाला. दिसण्याविषयी माझे काही म्हणणे नाही. पण टायरचा रस्त्याला टेकणारा भाग मुख्यतः त्यावरचे वजन आणि आतल्या हवेचा दाब यांवरून ठरतो. चाकावर चारशे किलो भार आणि २.३ बार दाब असला, तर तो साधारण १७० चौरस सेंटिमीटर भरतो, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. टायर रुंद घेतला म्हणून हे पोस्टकार्ड फारसे मोठे होत नाही. ते आडवे पसरते आणि लांबीला आखूड होते. कोरड्या वळणावर याचा फायदा मिळतो, साचलेल्या पाण्यात तोटा. शिवाय २५५/४० चा बाहेरचा व्यास ६६१ मिलिमीटर, तर २७५/३५ चा ६५० मिलिमीटर. पुढच्या २२५/४५ चा व्यास ६६० मिलिमीटर आहे, म्हणजे कारखान्याने पुढचे आणि मागचे व्यास जवळजवळ सारखे ठेवले आहेत, ते उगाच नव्हे. ब्रेक आणि स्थैर्ययंत्रणा चारही चाकांच्या फेऱ्यांची सतत तुलना करत असतात, आणि चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्यांत तर असा फरक शक्ती वाटणाऱ्या पेटीच्या आयुष्यावर बेततो. त्यात साडेआठ इंची रिमवर २७५ चा टायर बसवणे म्हणजे धाकट्याच्या सदऱ्यात थोरल्याला कोंबणे. बसेल, पण नीट नाही.

दुसऱ्या दुकानात आकार बरोबर मिळाला आणि किंमतही पुष्कळ कमी होती. येथे आकड्यांपुढची अक्षरे वाचायची सवय कामी आली. गाडीच्या मूळ टायरवर ९९ वाय असे होते, तर या टायरवर ९५ डब्ल्यू. ९९ हा भारांक म्हणजे एका टायरला ७७५ किलो, ९५ म्हणजे ६९० किलो. वाय ही वेगाची श्रेणी ताशी ३०० किलोमीटरची, डब्ल्यू २७० ची. आपण कुठे तीनशेने जाणार आहोत, असे दुकानदार हसून म्हणाला, आणि त्या वाक्यात वरवर तथ्य वाटते. पण उच्च श्रेणी म्हणजे नुसता वेगाचा परवाना नसतो. त्या श्रेणीसाठी टायरच्या आतले पट्टे आणि सांगाडा उष्णता सहन करण्यासाठी अधिक मजबूत बांधलेले असतात. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेलेला, चार माणसे आणि त्यांचे सामान घेऊन गाडी आग्रा-मुंबई रस्त्यावर दोन तास पळते, तेव्हा हा फरक कामी येतो. मूळ टायरपेक्षा भारांक किंवा श्रेणी खाली आणू नये, एवढा नियम मी भाच्याला घालून दिला.

त्याच दुकानातल्या टायरची नक्षीही पुढच्या टायरांपेक्षा वेगळी होती आणि कंपनीही वेगळी. एका धुरीवरचे दोन टायर तंतोतंत सारखे हवेत, याबद्दल कोणाचे दुमत नाही. पुढची जोडी एका जातीची आणि मागची दुसऱ्या जातीची असावी की नाही, याबद्दल मात्र लोक सैल बोलतात. प्रत्येक टायर वळणात किंचित तिरपा चालतो आणि त्या तिरपेपणातूनच बाजूचे बल निर्माण होते. किती तिरपेपणाला किती बल, आणि पाण्यात ते केव्हा कोसळते, हे रबराच्या मिश्रणावर आणि सांगाड्यावर अवलंबून असते. पुढे ओल्यात उत्तम धरणारा टायर आणि मागे केवळ लांब टिकणारा टायर लावला, की भेरूघाटातला प्रसंग आपण नवे पैसे मोजून पुन्हा विकत घेतो. साइडवॉलवर ट्रेडवेअर म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो जितका मोठा तितका टायर जास्त टिकाऊ समजायचा, आणि साधारणपणे तितकी पकड कमी. मात्र हा आकडा उत्पादक स्वतःच ठरवत असल्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावरून काटेकोर होत नाही. ओल्या पकडीसाठी युरोपीय लेबलवरचे अक्षर पाहावे. मे २०२१ पासून ही श्रेणी ए (सर्वांत चांगली) पासून ई पर्यंत आहे, आणि टायर आयात केलेला असेल तर त्याची माहिती शोधता येते.

साइडवॉलवर एखादे छोटे चिन्हही असते. बीएमडब्ल्यूसाठी बनवलेल्या टायरवर चांदणी, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ, पोर्शासाठी एन आणि पुढे आकडा. एकाच नावाचा, एकाच आकाराचा टायर या चिन्हासह आणि चिन्हाशिवाय वेगळा असू शकतो, कारण मोटार कंपनीने आपल्या गाडीला साजेसा सांगाडा आणि मिश्रण त्यात करवून घेतलेले असते. चिन्ह नसले म्हणजे टायर वाईट असे मुळीच नाही. पण पुढची जोडी चांदणीवाली असताना मागची तशीच मिळत असेल, तर तीच घ्यावी, असे माझे मत आहे.

मिळत असेल तर, हे शब्द मी जाणूनबुजून लिहिले. परदेशी व्यापार महासंचालनालयाने १२ जून २०२० रोजी नव्या टायरांची आयात मुक्त यादीतून काढून निर्बंधित यादीत टाकली, म्हणजे तेव्हापासून आयातीला परवाना लागतो. त्याआधीच, देशात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरला भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झालेले होते. देशी कारखान्यांना संरक्षण मिळावे हा हेतू मला समजतो. पिथमपूरजवळच्या खेड्यात ब्रिजस्टोनचा मोठा कारखाना आहे आणि आपल्या भागातल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटते, हे मी जवळून पाहिले आहे. परंतु २५५/४० आर १८ सारखे मोठ्या गाड्यांचे आकार थोडेच खपतात, त्यांची खेप कधी येते आणि कधी महिनोन्‌महिने येत नाही, आणि याचा परिणाम असा होतो की दुकानदार जुना साठा जपून ठेवतो व गरजू गिऱ्हाईक मिळेल ते घेऊन मोकळे होते.

आम्हीही त्याच जाळ्यात सापडलो होतो. तिसऱ्या दुकानात चांदणीवाली, ९९ वाय, पुढच्यासारखीच नक्षी असलेली जोडी मिळाली. किंमत ऐकून भाच्याने डोळे मिटले, पण सौदा झाला. टायर बसले, बिल झाले. घरी येऊन मी सवयीने तारीख पाहायला गेलो तर ती दिसेना. टायरवर डॉट या अक्षरांपुढे जो सांकेतिक क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. पण हे चार आकडे बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि आतली व बाहेरची बाजू वेगळी असणारा टायर “आउटसाइड” असे लिहिलेली बाजू बाहेर ठेवूनच बसवावा लागतो. तारीख आत गेली की ती पाहायला पुन्हा गाडीखाली जावे लागते. मी गेलो. या वयात गाडीखाली जाणे कसे असते, ते लिहीत नाही. एक टायर २०२३ चा निघाला आणि दुसरा २०२० चा. दुकानदाराने आधी “साहेब, टायर वापरलाच नव्हता, मग जुना कसा?” असा युक्तिवाद केला. रबर वापरले नाही तरी हवेतल्या प्राणवायूने आणि ओझोनने कडक होत जाते, म्हणून कित्येक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, मग खाचा कितीही खोल असोत. बराच वाद होऊन शेवटी त्याने २०२० चा टायर बदलून दिला. त्या दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण असा प्रकार एकाच दुकानात होतो असे मला वाटत नाही. बसवण्यापूर्वी, टायर जमिनीवर असतानाच, दोन्हींवरचे आकडे वाचून घ्यावेत, एवढेच सांगतो.

रनफ्लॅट टायरचा प्रश्न राहिला. या गाडीचे मूळ टायर रनफ्लॅट आहेत. त्यांची साइडवॉल इतकी जाड असते की हवा गेल्यावरही सुमारे ८० किलोमीटर अंतर ताशी ८० च्या आत गाडी नेता येते. त्याची किंमत कमरेला मोजावी लागते, कारण खड्डा बसला की टायर दाबला जात नाही, आणि आपल्या शहरात स्वच्छतेचा पहिला क्रमांक वर्षानुवर्षे येत असला तरी खड्ड्यांचा क्रमांक कोणी लावत नाही. भाच्याला या वेळी साधे टायर घ्यायचे होते. तसे करणे चूक नाही. पण मागे साधे आणि पुढे रनफ्लॅट अशी खिचडी करू नये, कारण दोघांच्या साइडवॉलचा कडकपणा वेगळा असल्याने वळणातले वागणे वेगळे होते. पुढची जोडी नवी असल्यामुळे यंदा मागेही रनफ्लॅटच आले, आणि चारही बदलायची वेळ येईल तेव्हा साध्यांचा विचार करायचा, असे ठरले. तोपर्यंत पंक्चर दुरुस्तीचे सामान आणि हवेचा पंप गाडीत असावा.

नव्या टायरांनंतर चारही चाकांचे अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळवणी, करून घेतले. येथे मला थोडा आग्रह धरावा लागला, कारण पुष्कळ ठिकाणी पुढच्या चाकांचेच करून देतात आणि मागची चाके सरळच असतात असे गृहीत धरतात. म्हणजे पुन्हा तीच समजूत. भाच्याच्या गाडीत मागच्या डाव्या चाकाचा रोखाचा कोन (चाक सरळ पुढे न पाहता किती आत-बाहेर वळले आहे तो) ठरलेल्या मर्यादेबाहेर निघाला. आतली कड इतक्या लवकर खाण्यात चाकाच्या आत कलण्याचा वाटा होताच, पण या बिघडलेल्या कोनाचा जास्त होता. नवे टायर तसेच पळवले असते, तर वर्षभरात तेही गेले असते.

हवेबद्दल फार लिहीत नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवर दाब लिहिलेला असतो, पुढचा आणि मागचा वेगळा, आणि तो गार टायरसाठी असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब सुमारे ०.१ बारने वाढतो. म्हणून मे महिन्याच्या दुपारी बायपासवरून आलेल्या तापलेल्या टायरमधून वाढलेली हवा सोडून देणारे लोक संध्याकाळपर्यंत स्वतःच टायर कमी हवेचा करून ठेवतात. नवा टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवावा, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला थर घासून जायला तेवढे लागतात. घाट तेव्हा नको.

महोदय, आपल्या शहराजवळच पिथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनांच्या चाचण्यांचे केंद्र आहे. जून २०२१ मध्ये तेथे ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगाचा लंबगोल मार्ग सुरू झाला, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने त्या बातम्या वाचल्या. तेथे नुसते वेगाचे मार्ग नाहीत. ओल्या, निसरड्या पृष्ठभागावर ब्रेक आणि वळणे तपासण्याच्या जागाही आहेत. आपल्या वृत्तपत्राने पुढाकार घेऊन, पावसाळ्याच्या तोंडावर एक दिवस तेथे नागरिकांसाठी प्रात्यक्षिक घडवून आणता आले तर पाहावे. एकच गाडी, एकदा नवी जोडी पुढे आणि एकदा मागे लावून, ओल्या वळणावर निष्णात चालकाने चालवून दाखवली, तर माझ्या या लांबलचक पत्राची गरज उरणार नाही.

ते होईल तेव्हा होईल. तूर्त माझी विनंती इतकीच, की पुरवणीतल्या त्या वाक्याची दुरुस्ती पहिला पाऊस येण्यापूर्वी, आणि शक्यतो मूळ लेख जेथे होता त्याच जागी छापावी. कोपऱ्यातल्या दोन ओळी कोणी वाचत नाही. लेखकांविषयी माझ्या मनात आदरच आहे. भाच्याच्या जुन्या मागच्या टायरांपैकी एक मी भंगारात जाऊ न देता घरी ठेवून घेतला आहे, आणि त्यावरून सौभाग्यवतींशी रोज थोडा वाद होतो. लेखकमहोदयांना वेळ असेल तर त्यांनी जरूर यावे, बाहेरून तो टायर पाहावा, आणि मग हात आत घालून आतली कड चाचपून पाहावी.

आपला नम्र,
एक निवृत्त यंत्र अभियंता
इंदूर